इंग्लंडमध्ये टॅक्सीचा बॅज काढताना: आमच्या कौन्सिलच्या लायसन्सिंग विभागाचा अनुभव

पाचपैकी तीन तारे. नियमांना मी पूर्ण गुण देते. ते नियम अर्जदाराच्या हाती ज्या पद्धतीने पडतात, तिथे दोन तारे गेले.

मी मूळची मिरजेची. २०१२ पासून इंग्लंडमध्ये, मिडलँड्समधल्या एका मध्यम आकाराच्या गावात राहते. बरीच वर्षं वृद्धांच्या केअर होममध्ये काम केलं, रात्रपाळ्या केल्या. माणसं उचलून उचलून कंबर गेली, म्हणून गाडी चालवायचं ठरवलं. २०२५च्या जानेवारीत कागद जमवायला घेतले आणि बॅज, म्हणजे ड्रायव्हरचं लायसन्स, गळ्यात पडला जुलैत. आपली आणखी माणसं या धंद्यात येत आहेत, विशेषतः बायका. माझे पैसे आणि महिने जिथे वाया गेले तिथे त्यांचे जाऊ नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

इथे टॅक्सी दोन प्रकारची. हॅकनी कॅरेज रँकवर, म्हणजे टॅक्सी स्टँडवर, उभी राहते, रस्त्यात हात दाखवला की थांबते आणि तिचे दर कौन्सिल (इथली नगरपालिका) ठरवते. प्रायव्हेट हायर आधी बुक करावीच लागते, तीही लायसन्स असलेल्या ऑपरेटरकडून, म्हणजे बुकिंग घेणाऱ्या कंपनीकडून. हॅकनीचा कायदा १८४७चा आहे, प्रायव्हेट हायरचा १९७६चा; लंडनचं सगळं वेगळं. मी प्रायव्हेट हायर निवडली. त्यात ऑपरेटर, गाडी आणि ड्रायव्हर अशी तीन लायसन्सं लागतात आणि तिन्ही एकाच कौन्सिलची असावी लागतात.

ड्रायव्हरसाठी लागणाऱ्या गोष्टी वेबसाइटवर नीट दिल्या आहेत. इथलं गाडीचं लायसन्स किमान बारा महिने जुनं हवं (भारतातलं चालत नाही, ते इथे आल्यावर वर्षभरच वापरता येतं). ट्रक-बसवाल्यांच्या मापाची मेडिकल, म्हणजे ग्रुप २. पोलिस रेकॉर्डची सगळ्यात वरच्या पातळीची डीबीएस तपासणी. परदेशात सलग तीन महिन्यांपेक्षा जास्त राहिलेल्यांना तिथलं चारित्र्य प्रमाणपत्र. इंग्रजीची चाचणी, सेफगार्डिंगचा (मुलांचं आणि दुर्बळ माणसांचं शोषण ओळखून रोखण्याचा) कोर्स, गावातल्या रस्त्यांची परीक्षा. यादी पूर्ण आहे, पण कुठला कागद आधी आणि कुठला शेवटी हे त्यात कुठेच नाही. माझे महिने गेले ते तिथेच.

मेडिकलची वेळ लवकर मिळत होती, म्हणून मी फेब्रुवारीत ती करून टाकली. मग भारतातलं पोलिस क्लिअरन्स मागितलं. ते हायकमिशनमार्फत जातं, मिरजेच्या पत्त्यावर चौकशी होते आणि फिरून परत येतं. मला मिळालं जूनमध्ये. आमच्या कौन्सिलला मेडिकल चार महिन्यांच्या आतली लागते, ती तोवर शिळी झालेली. पुन्हा डॉक्टर, पुन्हा रक्तदाब, पुन्हा फी.

डीबीएसची गोष्ट जास्त लागली. सर्टिफिकेट मिळाल्यावर अपडेट सर्व्हिसमध्ये नाव नोंदवावं लागतं, कारण कौन्सिल दर सहा महिन्यांनी तुमचं रेकॉर्ड पुन्हा पाहते. नोंदणी सर्टिफिकेटवरच्या तारखेपासून तीस दिवसांत करायची. माझं सर्टिफिकेट घरी आलं तेव्हा मी आईच्या आजारपणासाठी मिरजेला होते. परत येऊन पाकीट फोडलं तो चौतिसावा दिवस. नवा अर्ज, पुन्हा ४९ पौंड ५० पेन्स. अपडेट सर्व्हिसचे वर्षाला १६ पौंड वेगळे. त्या वेळी घरात माझा पगार येत नव्हता. विभागाला ईमेल केली, तर नऊ दिवसांनी उत्तर आलं, आणि त्यात मी आधीच वाचलेल्या पानाची लिंक होती.

शेवटी मार्ग दाखवला तो आमच्या ओळखीच्या सोलापूरच्या दादांनी. ते बरीच वर्षं हॅकनी चालवतात. म्हणाले, "वहिनी, सगळे कागद एकाच वेळी जिवंत असायला पाहिजेत. भारताचा कागद सगळ्यात आधी मागवायचा, मेडिकल सगळ्यात शेवटी." हे एवढंसं वाक्य अर्जाच्या पहिल्या पानावर छापता आलं असतं. कागद स्वीकारणाऱ्या बाईंना मी तसं सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, माझं नाव नीट उच्चारलं आणि डीबीएस दुसऱ्यांदा करताना पासपोर्टपासून सगळी ओळखपत्रं दहा मिनिटांत तपासून दिली. तिसरा तारा त्यांचा.

सेफगार्डिंगच्या कोर्सबद्दल मात्र मला मनापासून चांगलं लिहायचं आहे. कोर्स एका दिवसाचा होता. शिकवणाऱ्या बाईंनी प्रसंग मांडला: रात्री अकराला चौदा वर्षांची मुलगी, सोबत दोन मोठे पुरुष, हॉटेलचा पत्ता, आणि मुलगी एक शब्द बोलत नाही. तुम्ही काय कराल? वर्गात सगळे गप्प झाले. मग त्यांनी उत्तर इंग्लंडमधल्या रॉदरहॅम गावाबद्दल सांगितलं. २०१४च्या चौकशी अहवालाने तिथे १९९७ ते २०१३ या काळात सुमारे १,४०० मुलांचं लैंगिक शोषण झाल्याचा अंदाज दिला होता, आणि त्यात टॅक्सींचा वापर ठळकपणे समोर आला होता. जुलै २०२०मध्ये सरकारने सगळ्या कौन्सिलांसाठी मानकं काढली, त्यामागे हे आहे. मला दोन मुली आहेत. त्या दिवसानंतर सहा महिन्यांच्या तपासणीबद्दल माझ्या तोंडून तक्रार निघाली नाही.

म्हणूनच दुसऱ्या कौन्सिलचं लायसन्स काढून आपल्या गावात धंदा करण्याचा सल्ला मी ऐकला नाही. तो कायदेशीर आहे, आणि काही ठिकाणी लायसन्स लवकर आणि स्वस्तात मिळतं. पण मग माझ्या गावात रात्री स्टेशनबाहेर गाड्या तपासणाऱ्या अधिकाऱ्याला माझ्या गाडीवर फारसा अधिकार उरत नाही. मी कागदांच्या मागे धावत होते त्याच जूनमध्ये बॅरोनेस केसी यांच्या मुलांच्या लैंगिक शोषणावरच्या राष्ट्रीय अहवालाने बाहेरच्या भागातल्या टॅक्सींची ही पद्धत थांबवायला सांगितलं. माझी प्लेट, म्हणजे गाडीवरची लायसन्सची पाटी, माझ्याच गावची आहे. चुकले तर मला विचारणारं माणूस इथेच बसलेलं आहे, आणि प्रवाशालाही तक्रार कुठे करायची ते कळतं.

गाडीची तपासणी कडक पण सरळ होती. माझी गाडी सहा वर्षांची, त्यामुळे आमच्याकडे वर्षातून दोनदा टेस्ट. पहिल्यांदा मागचा एक टायर आणि नंबरप्लेटचा दिवा यावर नापास झाले, तीन दिवसांनी पास. एक गोष्ट मात्र गाडी घेण्याआधीच विचारात घ्या. प्लेट लागली की ती गाडी चोवीस तास प्रायव्हेट हायरचीच. बॅज नसलेल्या माणसाने ती चालवायची नाही, रिकामी असली तरी नाही, दुकानातून दूध आणायलाही नाही. आमच्याकडे एकच गाडी होती. यांना आता कामावर बसने जावं लागतं, सकाळी पन्नास मिनिटं. हे कौन्सिलच्या यादीत एका ओळीत आहे. ते ठळक अक्षरांत हवं.

हात दाखवणाऱ्याला नाही म्हणणं मला अजून जड जातं. हात दाखवला की गाडी थांबते ही एसटीच्या दिवसांपासूनची सवय. ऑक्टोबरात पावसात एक आजी स्टेशनबाहेर हात करत होत्या. बुकिंगशिवाय घेतलं असतं तर गुन्हा झाला असता, वर विमाही गेला असता. मी काच खाली करून त्यांना ऑपरेटरचा नंबर दिला, त्यांनी तिथूनच फोन केला, आणि सहा मिनिटांत आमचीच दुसरी गाडी आली. त्यांना कोणी, कुठून, कुठे नेलं याची नोंद झाली. ती नोंद मला पटते.

आणि गाइड डॉग. कोर्समध्ये सांगितलं होतं की मदतनीस कुत्र्याला नाकारता येत नाही, जादा पैसे घेता येत नाहीत, दंड १,००० पौंडांपर्यंत आहे. मला लहानपणापासून कुत्र्यांची भीती. ऑगस्टमध्ये एका अंध गृहस्थांचं बुकिंग आलं. त्यांचा लॅब्रेडोर त्यांच्या पायाशी बसला आणि उतरेपर्यंत हलला नाही. ते म्हणाले की याआधी दोन गाड्या त्यांना पाहून निघून गेल्या होत्या. आता दर गुरुवारी त्यांना हॉस्पिटलला मीच नेते.

अर्ज नाकारला गेलाच, तर एकवीस दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येतं; पत्रावरची तारीख पाहून ठेवा. कागदांच्या क्रमाचं एक पान मी स्वतः लिहून विभागाला ईमेलने पाठवलं आहे. गेल्या आठवड्यात कोर्सला निघालेल्या एका मुलीने सांगितलं की कागद स्वीकारणाऱ्या त्याच बाईंनी काउंटरवर तिला त्याची प्रत दिली.