दुसऱ्या युनिटसाठी घ्यावा असा कोर्स

सामाजिक मानसशास्त्राची तोंडओळख करून देणारे ऑनलाइन कोर्स हल्ली ढिगाने मिळतात आणि बहुतेकांच्या जाहिरातीत एकच वाक्य असतं: माणसं ओळखायला शिका. मी केला त्याच्याही पहिल्या पानावर तेच होतं. त्या आशेने घेणार असाल तर आत्ताच सांगते, निराशा होईल. पण ‘अमुक माणूस असाच आहे’ असं आपण छातीठोक म्हणतो ते कशाच्या जोरावर, हा प्रश्न हा कोर्स असा काही मागे लावतो की फी तिथेच वसूल होते.

मी ग्राहकांच्या फीडबॅकचे फॉर्म बनवते. प्रश्न लिहायचे, आलेली उत्तरं मोजायची, अहवाल करून वर पाठवायचा. मानसशास्त्र कॉलेजात शिकलेले नाही. एमए करणाऱ्यांना यातलं बरंचसं पाठ असेल, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू नाही.

एकूण चार युनिट्स: विषयाची ओळख, संशोधन पद्धती, ‘स्व’ आणि सोशल कॉग्निशन (म्हणजे माणसांबद्दल आपण मतं कशी बनवतो ते). छोटे व्हिडिओ, थोडं वाचन, शेवटी क्विझ. शिकवणाऱ्या बाईंचा आवाज स्पष्ट, बोलणं बिनपाल्हाळ. स्लाइड्स मात्र अक्षरांनी खच्चून भरलेल्या.

पहिलं युनिट भरभर उरकलं तरी चालेल. नॉर्मन ट्रिपलेट यांचा 1898 चा प्रयोग येतो: मुलं मासेमारीची रीळ एकटी असताना जास्त वेगाने फिरवतात की सोबत स्पर्धेला कुणी असताना? मग कुर्ट लेविन यांचं सूत्र येतं, वर्तन हे व्यक्ती आणि परिस्थिती या दोघांवर ठरतं. सोबत कुणी असलं की वेग वाढतो, हा ट्रिपलेटचा निष्कर्ष कोर्समध्ये एकदम ठाम करून सांगितलाय. मायकेल स्ट्रूब यांनी 2005 मध्ये तीच आकडेवारी आजच्या संख्याशास्त्राने पुन्हा तपासली, तेव्हा परिणाम जेमतेमच निघाला होता. त्याचा उल्लेख इथे नाही. ही खोड पुढे तिसऱ्या युनिटमध्ये जास्त नडते.

आता दुसरं युनिट. ‘संशोधन पद्धती’ नाव वाचून लोक हेच पुढे ढकलतात. कोर्सचा जीव इथे आहे.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीने होते: ‘आक्रमकता’ मोजायची तर नक्की काय मोजणार? शिव्या? हॉर्न किती वेळ दाबला ते? की समोरच्याला किती तिखट वाढलं ते? (तिखट सॉस खरोखरच मापायला वापरलाय, विनोद नाही.) मग सहसंबंध आणि कार्यकारण, म्हणजे दोन गोष्टी सोबत दिसणं वेगळं आणि एकीमुळे दुसरी होणं वेगळं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि वेळेला कुणालाच आठवत नाही. इथे एक बनावट बातमी देतात, ‘मोबाइल जास्त वापरणारे जास्त एकाकी असतात’, आणि तीन पर्यायी स्पष्टीकरणं लिहायला लावतात. एकाकी माणूसच मोबाइलकडे वळत असेल, हे पहिलं लगेच सुचतं. दुसरं म्हणजे बेकारी किंवा आजारपणासारखं तिसरंच काही दोन्हीच्या मुळाशी असेल, तेही जमतं. तिसऱ्याला मात्र घाम फुटतो, कारण तिथे नमुना कुणाचा घेतला आणि एकाकीपणा मोजला कसा, इथपर्यंत मागे जावं लागतं.

मला सगळ्यात आवडला तो बिब लाताने आणि जॉन डार्ली यांच्या 1968 च्या प्रयोगावरचा व्हिडिओ. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवर बोलतायत आणि बोलता बोलता एकाला फिट येते (खरं तर ते टेपवरचं नाटक). आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले 85 टक्के फिटचा आवाज थांबायच्या आत मदतीला उठले. आणखी एक जण ऐकतोय असं वाटणाऱ्यांतले 62 टक्के. आणखी चौघं ऐकतायत असं वाटणाऱ्यांतले फक्त 31. एवढं सगळीकडे वाचायला मिळतं. या बाई मात्र प्रयोगाचा एकेक स्क्रू काढून दाखवतात. आवाज टेपवर का? प्रत्येकाला तीच हाक, तेवढेच सेकंद ऐकू यावी म्हणून. वेगळ्या खोल्या का? एकमेकांचे चेहरे बघून कुणी ठरवू नये म्हणून. कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं का ठरवायचं? नाहीतर मुळातच धीट असलेले एकाच गटात जमतील आणि आपण त्यांच्या धीटपणाला गर्दीचा परिणाम समजून बसू. लोकांना अभ्यासासाठी निवडण्यातली यादृच्छिकता वेगळी आणि निवडलेल्यांना गटांत वाटण्यातली वेगळी, हा फरक माझ्या डोक्यात पक्का बसला तो या व्हिडिओमुळे.

याच ओघात न्यूयॉर्कमधल्या किटी जेनोविझ या तरुणीच्या 1964 च्या खुनाची गोष्ट येते, ‘38 जणांनी पाहिलं आणि कुणीच हललं नाही’ ती. 2007 मध्ये रेचेल मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी कागदपत्रं तपासून दाखवलं की गोष्ट जशी सांगितली जाते तिला पुरावा नाही. बाई हे सरळ सांगतात आणि वर म्हणतात, ज्या बातमीवरून प्रयोग सुचला ती चुकीची निघाली तरी प्रयोगाचं काय? विद्यार्थ्याला अशा ठिकाणी विचार करत थांबवणारे शिक्षक कमी असतात.

प्रयोगांच्या नैतिकतेवरचा भाग ठीक. मिलग्रॅमच्या प्रयोगात हुकूम मिळाला म्हणून समोरच्याला विजेचे (प्रत्यक्षात खोटे) झटके देत 40 पैकी 26 जण 450 व्होल्टपर्यंत गेले, मग संमती, फसवणूक, नंतर खरं काय ते समजावणं, वगैरे. बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांवर झालेत, ही हेन्रिक, हाइने आणि नोरेन्झायन यांची 2010 ची तक्रार मात्र एका स्लाइडच्या कोपऱ्यात कोंबलीय. त्यावर अख्खा व्हिडिओ हवा होता.

आणि मग तिसरं युनिट येतं आणि दुसऱ्यात शिकवलेलं बाई स्वतःच विसरतात. इच्छाशक्ती वापरली की संपत जाते, हा रॉय बाउमाइस्टर यांचा 1998 चा मुळा आणि चॉकलेटच्या बिस्किटांचा प्रयोग (बिस्किटं समोर असताना मुळा खावा लागलेल्यांनी नंतरचं कोडं लवकर सोडलं) इथे सिद्ध झाल्यासारखा शिकवलाय. 2016 मध्ये 23 प्रयोगशाळांनी मिळून हा परिणाम पुन्हा पाहायचा प्रयत्न केला आणि हाताला जवळपास काहीच लागलं नाही. 2015 मध्ये मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, त्यातल्या साधारण 36 टक्क्यांतच संख्याशास्त्राला मान्य होईल असा निकाल आला, हेही कुठे नाही. आधी शंका घ्यायला शिकवायचं आणि पुढच्याच युनिटमध्ये शंका घेण्याजोगी माहिती दाबून ठेवायची, याला काय म्हणावं?

तरी हे युनिट वाया नाही. ‘मी कोण?’ याची वीस उत्तरं लिहायचा कुन आणि मॅकपार्टलंड यांचा 1954 चा स्वाध्याय जरूर करा. पहिली काही उत्तरं नाती आणि नोकरीची सुटतात, बाराव्या-तेराव्याला पेन अडतं आणि तिथून पुढे आपण बरंच विचित्र काहीतरी लिहू लागतो. टी-शर्टचा प्रयोगही गमतीचा आहे. गिलोविच आणि मंडळींनी विद्यार्थ्यांना ओशाळवाणं वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं निम्म्या लोकांनी पाहिला असेल, प्रत्यक्षात लक्षात राहिला तो साधारण पाव जणांच्या.

माझी झोप उडवली ती मोज्यांनी. निस्बेट आणि विल्सन यांचं 1977 चं काम. टेबलावर नायलॉनच्या मोज्यांच्या चार जोड्या, चारही हुबेहूब सारख्या. सगळ्यात चांगली कुठली ते सांगा. सगळ्यात उजवीकडची जोडी 40 टक्क्यांनी निवडली, सगळ्यात डावीकडची 12 टक्क्यांनी. कारण विचारलं तर पोत, विणकाम, दर्जा. जागेमुळे निवडली असं कुणीही म्हणालं नाही, आणि तसं सुचवल्यावर लोकांनी झटकून टाकलं. आता माझ्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो: ‘सेवा बंद करण्याचं मुख्य कारण’. लोक तो किती मनापासून भरतात! ‘ॲप हळू चालतं’, ‘प्रतिसाद उशिरा मिळतो’. मी त्या उत्तरांचे पाय-चार्ट काढत आलेय. अजूनही काढते, पण आता त्याखाली ‘ग्राहकांनी सांगितलेली कारणं’ असं लिहिते. साहेबांनी विचारलं, सांगितलेली म्हणजे? म्हटलं, मोज्यांची गोष्ट सांगते, बसा.

चौथं युनिट पुन्हा भरात येतं. जोन्स आणि हॅरिस यांच्या 1967 च्या अभ्यासात क्युबाचे नेते कॅस्ट्रो यांच्या बाजूने निबंध लिहायला लावलेत हे माहीत असूनही वाचणाऱ्यांना लेखक कॅस्ट्रोचा समर्थक वाटला. समोरच्याच्या वागण्यामागची परिस्थिती डावलून त्याच्या स्वभावावर बोट ठेवायची ही सवय. ती सगळीकडे सारखी नाही हे दाखवायला जोन मिलर यांचा 1984 चा अभ्यास घेतलाय: शिकागोतले प्रौढ स्वभावाकडे जास्त वळले, म्हैसूरमधले प्रसंग आणि नात्यागोत्यांकडे. नवऱ्याला हा भाग दाखवला तर तो म्हणाला, म्हणजे तुझ्या उशिराला ट्रॅफिक आणि माझ्या उशिराला आळस हे आता शास्त्रीय झालं का?

नॉर्बर्ट श्वार्त्स यांचा 1991 चा अभ्यास फॉर्म बनवणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. आपण ठामपणे वागलो असे 6 प्रसंग ज्यांनी आठवले, त्यांनी स्वतःला 12 आठवणाऱ्यांपेक्षा जास्त ठाम मानलं. बाराची यादी मोठी, पण ती करताना दमछाक होते आणि माणूस त्या दमछाकीवरूनच अंदाज बांधतो. क्रेग फॉक्स यांनी 2006 मध्ये हेच वर्गात आजमावलं: कोर्सवर 2 ऐवजी 10 टीका लिहायला सांगितलेल्या विद्यार्थ्यांनी कोर्सला जास्त चांगले गुण दिले.

क्विझ टाकाऊ आहेत. कुठला प्रयोग कुठल्या साली, कुणाचं नाव काय, एवढंच विचारतात. बनावट बातमीसारखे प्रश्न त्यात घातले असते तर चित्र वेगळं असतं. शेवटी स्वतःचा छोटा अभ्यास आखायचा असतो. तो सहाध्यायीच तपासतात, माझ्या वाट्याला आलेल्या दोघांपैकी एकाने फक्त ‘छान’ लिहिलं.

पाचपैकी साडेतीन स्टार. साडेतीनातले दोन एकट्या दुसऱ्या युनिटचे. युनिट्सना कुलूप नाही, कुठूनही सुरू करता येतं. दुसरं, चौथं, तिसरं असं करा, आणि तिसऱ्यातला प्रत्येक दावा दुसऱ्याच्या नोट्स शेजारी ठेवून ऐका. पहिलं वेळ उरला तर.