चार 'नवीन' इंजेक्टर आणि माझे ६१ हजार

आमची पिकअप २०१२ची. अडीच लिटरचं कॉमन रेल डिझेल इंजिन, मीटरवर पावणेतीन लाख किलोमीटर. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावहून माळशेजमार्गे वाशीला माल न्यायचा आणि रिकामे क्रेट घेऊन परत यायचं. बहुतेक वेळा गाडीवर मीच असतो, अधूनमधून चुलतभाऊ. त्यानंच एप्रिलमध्ये पहिल्यांदा सांगितलं, "दादा, गाडी उभी असली की मधूनच थरथरते. रेस आपोआप वर-खाली होते. पाय दिला की गप." मी म्हटलं, जुनी गाडी आहे, थरथरणारच.

मग एकदा पहाटे वाशीच्या गेटवर रांगेत उभा असताना माझ्याही हाताला ते लागलं. स्टिअरिंग हिवताप आल्यासारखं थडथडत होतं. दहा मिनिटांनी इंजिन पुन्हा शांत. पुढचे चार दिवस काहीच नाही, पाचव्या दिवशी परत तेच. बंद पडणारी गाडी परवडली, कारण ती निदान बंद तरी पडते. ही मिस्त्रीसमोर नेली की शहाण्या मुलासारखी वागायची.

नेहमीचा मिस्त्री गावाला गेला होता, म्हणून हायवेलगतच्या एका गॅरेजात गेलो. ओळखीच्या एकानं 'कॉमन रेलचा मास्टर' म्हणून सांगितलं होतं. मास्टरनं मोबाईलला जोडायचा छोटा स्कॅनर लावला आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. पी००८७. "बघा शेठ, इंजेक्टर गेले. चारही." इंजेक्टर म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे नग. स्क्रीनवर लाल अक्षरं, वर इंग्रजी ओळ. मी मान डोलावली आणि का कोण जाणे, त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवला.

आता माहीत आहे की त्या कोडचा अर्थ एवढाच असतो: रेलमधला, म्हणजे चारही इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला, डिझेलचा दाब हवा त्यापेक्षा कमी. का कमी, ते कोड सांगत नाही. फिल्टर चोक असेल, पंप दमला असेल, इंजेक्टर रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळीत, जास्त डिझेल सोडत असतील, नाहीतर टाकीकडून येणारी लाईन कुठेतरी हवा ओढत असेल. ताप आला म्हणून लगेच अपेंडिक्स कापायला घेण्यातला हा प्रकार. त्या दिवशी मला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि हंगाम तोंडावर होता. गाडी एक दिवस उभी राहिली तर दुसऱ्याच्या गाडीचं भाडं अंगावर.

चार नवीन इंजेक्टर, एकेक १३,५०० प्रमाणे ५४ हजार. मजुरी साडेचार हजार. फिल्टर, ऑइल, तांब्याचे वॉशर मिळून अडीच हजार. ४० हजार मोबाईलवरून दिले, २१ हजार रोख. बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं घेतलं तर १८ टक्के वर लागतील, कशाला?" आणि डायरीचं एक पान फाडून त्यावर नुसती बेरीज लिहून दिली. जुने इंजेक्टर मागितले, तर म्हणे ते बदल्यात कंपनीला जमा करावे लागतात. मी दोन्ही गोष्टी ऐकून घेतल्या. बाजारात पंचवीस पैशांसाठी घासाघीस करणारा माणूस गॅरेजात गेला की इतका का भोळा होतो, हे मलाच कळत नाही.

गाडी देताना त्यानं एक सांगितलं: "टाकी फुल करा आणि मोठी ट्रायल घ्या." फुल केली. गाडी लोण्यासारखी चालली. मी त्याला फोन करून धन्यवादसुद्धा दिले.

आठवड्यानं, परतीच्या वाटेवर, घाट चढून आल्यावर चहाला थांबलो आणि स्टिअरिंग पुन्हा थडथडायला लागलं. काटा पाव टाकीच्या खाली होता. तेव्हा ते लक्षात आलं नाही, चुलतभावाच्या आलं. तो म्हणाला, "दादा, टाकी भरलेली असताना कधी थरथरलीय का ही?" आम्ही डिझेलच्या पावत्या काढून तारखा जुळवल्या. एकदाही नाही. दर वेळी डिझेल कमी असतानाच, किंवा रात्रभर चढावर तोंड करून लावलेली गाडी सकाळी सुरू केल्यावर.

मास्टरला फोन केला. तो म्हणाला, "मग आता हायप्रेशर पंप बघावा लागेल. ४५ हजार पकडून चला."

या ४५नं जाग आली. पंप-नोझलचं काम करणारे एक काका आहेत, २०१९ला आमचा दोन नंबरचा इंजेक्टर त्यांनीच दुरुस्त केला होता. लांब पडतं म्हणून आधी गेलो नव्हतो. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "आत्ता थरथरतेय का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग पाव टाकी होईपर्यंत फिरवून आण. दुखत असताना नाडी बघायची असते."

दुसऱ्या दिवशी तशी नेली. फिल्टरच्या अलीकडे त्यांनी वीतभर पारदर्शक नळी जोडली आणि इंजिन चालू ठेवलं. नळीतून सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे जात होते. स्कॅनरवर इंजिन मागत होतं २८० बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास आणि मिळणारा दाब त्याच्या वर-खाली उड्या मारत होता. मग चारही इंजेक्टरच्या रिटर्नला चार छोट्या बाटल्या लावल्या आणि काही मिनिटं इंजिन तसंच सोडलं. चारही बाटल्यांत पातळी कमी आणि जवळपास सारखी. म्हणजे इंजेक्टर ठणठणीत.

"नवीनच आहेत ना काका, महिनासुद्धा झाला नाही," मी म्हटलं.

काकांनी वाकून बघितलं, फडक्याला थिनर लावलं आणि दोन नंबरचा इंजेक्टर पुसला. चंदेरी रंग फडक्यावर आला. खाली त्यांच्याच पेननं कोरलेली बारीक खूण होती: ८-१९. दुरुस्त केलेल्या प्रत्येक नगावर महिना-साल कोरायची त्यांची सवय आहे. मग दुसरी गोष्ट दाखवली. आमच्यासारख्या इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षरं-आकड्यांचा एक कोड असतो, नवीन नग बसवला की तो गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो. चारही नगांवरचे कोड आणि कॉम्प्युटरमध्ये आधीपासून असलेले कोड अक्षरशः तेच. इंजेक्टर बदललेच नव्हते. काढले, पुसले, स्प्रे मारला, परत ठोकले. ५४ हजार.

खरी भानगड टाकीकडून येणाऱ्या लाईनवर, हातपंपाच्या फुग्याजवळच्या (हा दाबून डिझेल लाईनीत ओढतात) रबरी पाईपात होती. क्लिपच्या खाली केसाएवढी चीर. तिथे पंप डिझेल ओढून घेतो, त्यामुळे डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून खाली डाग नाही, वास नाही. टाकी भरलेली असली की ओढ कमी लागते आणि चीर गप्प राहते. टाकी उतरली की बोलायला लागते. पाईप, दोन क्लिपा, मजुरी धरून ६५० रुपये. काकांनी न मागता छापील बिल दिलं.

'टाकी फुल करा' हे मास्टरनं मुद्दाम सांगितलं होतं की सवयीनं, यावर आमच्या घरात अजून वाद होतो. माझ्या मते मुद्दाम.

त्याच्याकडे गेलो. आधी नाकारलं, मग फडक्याचा आणि खुणेचा फोटो दाखवल्यावर "पोरानं घोळ केला असेल" म्हणाला, मग आवाज चढवून, "धंद्याची गाडी आहे, तुला ग्राहक कायदा लागत नाही." हे अर्धवट आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच वापरायचा माल व्यापारी हेतूचा धरत नाहीत. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. हे सगळं वाचून मी १९१५ या हेल्पलाइनला फोन लावला. तिकडून विचारलं, बिल आहे का?

माझ्याकडे होतं डायरीचं पान. नाव नाही, तारीख नाही, 'इंजेक्टर' हा शब्दसुद्धा नाही. पण ४० हजारांचा मोबाईलचा व्यवहार होता, पी००८७चा फोटो होता आणि त्याचा एक मेसेज होता: 'चारी नवीन टाकले, टेन्शन नको.' काकांनी लेखी द्यायची तयारी दाखवली. हे सगळं एका कागदावर उतरवून, झेरॉक्स काढून त्याच्या टेबलावर ठेवलं आणि आयोगात जातोय म्हणून सांगितलं. आठ दिवसांनी त्याचा माणूस १५ हजार घेऊन आला. नंतर दोनदा पाच-पाच हजार आले. ३६ हजार अजून अडकलेत आणि आता तो फोन उचलत नाही. तक्रारीचे कागद तयार आहेत, या आठवड्यात दाखल करतोय.

परवा रात्री गाडी वाशीहून परत आली. काटा पाव टाकीच्या खाली होता. घाट चढल्यावर त्याच टपरीवर थांबलो आणि इंजिन चालू ठेवूनच चहा प्यायलो.