जुन्या मारुती ८०० चे इग्निशन लॉक: लॉक सेट, दुकान आणि गॅरेज यांचा अनुभव

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले असले, तरी तिचे बहुतेक सुटे भाग पुण्यात आजही फारशी शोधाशोध न करता मिळतात. इग्निशन लॉक हा त्यांतलाच एक. हे परीक्षण कंपनीच्या मूळ लॉक सेटचे, तो जिथून घेतला त्या नाना पेठेतील दुकानाचे आणि जिथे बसवून घेतला त्या आमच्या भागातील गॅरेजचे आहे. गाडी २००१ ची, एमपीएफआय (म्हणजे पेट्रोल फवारून देणाऱ्या) इंजिनाची आहे आणि तिच्यात इमोबिलायझर, म्हणजे चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा नाही. ज्यांच्या गाडीच्या चावीत चिप आहे, त्यांना नव्या चाव्यांची नोंद गाडीच्या यंत्रणेत करून घ्यावी लागते, त्यामुळे त्यांचा खर्च आणि खटाटोप दोन्ही वेगळे.

कुलूप झिजल्याची लक्षणे हळूहळू दिसू लागली होती. चावी घातल्यावर ती किंचित मागे ओढून, डावीकडे-उजवीकडे हलवून मगच फिरायची. पुढे तर इंजिन चालू असताना चावी अलगद बाहेर निघू लागली आणि इंजिन तसेच चालू राहू लागले. ही शेवटची खूण दिसली की चालढकल करू नये. जी चावी ऑनवर असताना बाहेर येते, तिच्याऐवजी दुसरी कुठलीही सपाट पट्टी आत घालून कुलूप फिरण्याची शक्यता असते.

याचे कारण कुलपाच्या रचनेत आहे. बॅरलमध्ये, म्हणजे चावीबरोबर फिरणाऱ्या नळकांड्यात, पितळेच्या पातळ पात्या स्प्रिंगवर बसवलेल्या असतात. योग्य चावी आत गेली की तिच्या खाचांमुळे प्रत्येक पाती नेमक्या उंचीवर येते, सगळ्यांच्या कडा बॅरलच्या पृष्ठभागाशी समतल होतात आणि बॅरल फिरतो. वर्षानुवर्षांच्या वापराने पात्याही झिजतात आणि चावीही. अशा वेळी बहुतेक जण चौकातल्या चावीवाल्याकडून डुप्लिकेट करून घेतात. पण झिजलेल्या चावीवरून काढलेली डुप्लिकेट झीजही तंतोतंत उतरवते, आणि डुप्लिकेटवरून पुन्हा डुप्लिकेट काढली तर मूळ माप कुठल्या कुठे जाते. आमच्या मेकॅनिकने हे एका वाक्यात सांगितले: "साहेब, चावी कितीही नवी केली तरी कुलूप जुनंच राहणार." कुलपात तेल सोडणे हाही असाच एक लोकप्रिय उपाय. त्याने दोन दिवस बरे वाटते, मग तेलाला धूळ चिकटून आत चिकट काळा थर बसतो. सोडायचीच असेल तर ग्रॅफाइटची कोरडी भुकटी सोडावी.

दुकानात दोन पर्याय पुढे ठेवण्यात आले. पहिला, केवळ इग्निशनचे कुलूप, म्हणजे गाडीसाठी एक चावी आणि दारांसाठी दुसरी. दुसरा, इग्निशन, पुढची दारे आणि डिकी यांचा एकाच चावीवर चालणारा पूर्ण सेट. किमतीतला फरक पाहता पूर्ण सेटच घेणे शहाणपणाचे वाटले, कारण ज्या चावीने इग्निशन झिजवले तिनेच दारांची कुलपेही झिजवलेली असतात. काउंटरवरच्या माणसाने गाडीचे वर्ष, इंजिनाचा प्रकार आणि जुन्या कुलपाच्या वायरचा कपलर (जोडणीचा प्लग) कसा आहे हे विचारल्याशिवाय खोके बाहेर काढले नाही, आणि याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. वर्षागणिक कपलर बदलतो आणि बाहेरून सारखे दिसणारे दोन सेट एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पक्के बिल मागितल्यावर कपाळाला आठ्या पडल्या, तरी बिल मिळाले.

बसवण्याचे काम मात्र तपशिलाने सांगण्यासारखे आहे. मेकॅनिकने आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली, मग स्टीअरिंग कॉलमवरचे प्लास्टिकचे कव्हर उघडले. कुलूप कॉलमला ज्या बोल्टांनी आवळलेले असते, ते साधे बोल्ट नव्हेत. कारखान्यात आवळताना त्यांची डोकी मुद्दाम तुटतील अशी योजना असते, म्हणजे पाना लावायला पुढे काही उरत नाही आणि चोराला कुलूप उतरवता येत नाही. त्यामुळे ते काढायचे तर उरलेल्या गोल भागावर छिन्नीची धार तिरपी टेकवून, हातोडीचे हलके ठोके देत बोल्ट उलट दिशेने फिरवावा लागतो. नाहीच फिरला तर ड्रिल मारावे लागते. आमचा एक बोल्ट छिन्नीने सुटला, दुसऱ्याने ड्रिल मागितले. या साऱ्यात कॉलमला धक्का लागू न देण्याची मेकॅनिकची काळजी वाखाणण्याजोगी होती.

नाराजी आहे ती त्यापुढच्या गोष्टीबद्दल. नव्या सेटबरोबर आलेले बोल्ट त्याने डोकी शाबूत ठेवून, नुसते घट्ट करून सोडून दिले. "पुढच्या वेळी काढायला सोपं जाईल," हे त्याचे म्हणणे मेकॅनिकच्या सोयीचे खरे, पण मग रस्त्यावरच्या कुणालाही साध्या पान्याने स्टीअरिंग लॉक उतरवता येईल. आग्रह धरल्यावर त्याने कुलूप चारही स्थितींत फिरवून पाहिले, स्टीअरिंग अडकते आणि सुटते याची खात्री केली आणि मगच दोन्ही डोकी तोडली. हाच क्रम बरोबर आहे. आपल्यासमोर काम करून घेणाऱ्यांनी कव्हर बंद होण्यापूर्वी एवढे तरी डोकावून पाहावे.

दारांच्या कुलपांसाठी आतले पॅनेल उघडावे लागते. काच खाली-वर करण्याच्या हँडलमागे तारेची एक क्लिप असते. मेकॅनिकने जुन्या बनियनची एक चिंधी हँडलच्या मागे घालून ती दोन्ही हातांनी सर्रकन पुढे-मागे ओढली आणि क्लिप टणकन उडून गाडीच्या फरशीवर पडली. तिथे स्क्रू ड्रायव्हर खुपसला असता तर पॅनेलवर ओरखडे ठरलेलेच. पॅनेलमागचा प्लास्टिकचा कागद त्याने एका दारावर पुन्हा नीट चिकटवला, दुसऱ्यावर मात्र कोपरा मोकळा सोडला होता आणि सांगितल्यावर तो बंद केला. काचेच्या फटीतून दारात उतरणारे पावसाचे पाणी हा कागद थोपवतो. तो फाटका राहिला तर पावसाळ्यात पायाखालचा गालिचा ओला होतो आणि पाणी कुठून येते तेच कळत नाही.

आता प्रत्यक्ष सेटविषयी. लॉक, एसीसी (इंजिन बंद ठेवून रेडिओसारखी उपकरणे चालवण्याची), ऑन आणि स्टार्ट या चारही जागा हाताला स्पष्ट जाणवतात. ऑनवर डॅशबोर्डचे दिवे लागतात, मागून इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाची क्षणभर घरघर ऐकू येते आणि स्टार्टवरून हात काढताच चावी आपोआप मागे येते. ही परत येण्याची क्रिया महत्त्वाची असते, कारण चावी तिथेच अडकली तर इंजिन चालू झाल्यावरही स्टार्टर फिरत राहतो आणि निकामी होतो. कुलपामागचा विद्युत स्विच सेटमध्ये नवाच आला, त्यामुळे खड्ड्यात डॅशबोर्डचे दिवे लुकलुकण्याचा त्रासही गेला. उणीव चावीत आहे. तिची प्लास्टिकची मूठ जुन्या चावीपेक्षा हलकी आणि कडेला धारदार वाटते. डिकीचे कुलूपही सुरुवातीला जरा घट्ट फिरत होते.

नवी चावी मी जाडजूड जुडग्यात अडकवलेली नाही. झोके घेणारे वजन बॅरलची झीज वाढवते, आणि प्रश्न केवळ झिजेचाच नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये जनरल मोटर्सला सदोष इग्निशन स्विचमुळे लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्या स्विचमध्ये चावीला जागेवर धरून ठेवणारा जोर कमी होता. जुडग्याच्या वजनाने किंवा धक्क्याने चावी ऑनवरून मागे सरके, इंजिन चालत्या गाडीत बंद पडे आणि अपघात झाला तर एअरबॅगही उघडत नसत. आपल्या ८०० मध्ये एअरबॅग नाहीत, पण चालत्या गाडीत इंजिन बंद पडणे तिच्याही ब्रेकला मानवणारे नाही, कारण ब्रेक दाबताना मिळणारी जोड इंजिनाकडूनच येते.

सेट आणि मजुरी मिळून खर्च अडीच हजारांच्या आत बसला. दुकानाची शिफारस निःशंकपणे करता येईल. गॅरेजची करता येईल ती मालक समोर उभा राहणार असेल तर. जुने कुलूप आणि जुन्या चाव्या मागून घ्याव्यात, आणि नव्या चावीबरोबर आलेली क्रमांकाची छोटी पट्टी गाडीत न ठेवता घरी कागदपत्रांबरोबर ठेवावी, म्हणजे पुढची चावी झिजलेल्या नमुन्यावरून नव्हे, तर त्या क्रमांकावरून करून घेता येते.