आयटीआयनंतर: वेर्ण्याची अप्रेंटिसशिप की गावचा कंत्राटदार?

इलेक्ट्रिशियन ट्रेडची दोन वर्षे संपली की गोव्यातल्या मुलासमोर साधारण दोन वाटा असतात. वेर्णा, कुंडई, पिसुर्ले अशा औद्योगिक वसाहतींतली एखादी कंपनी किंवा वास्कोचे गोवा शिपयार्ड धरून वर्षभराची अप्रेंटिसशिप करायची. नाहीतर गावातल्या परवानाधारक कंत्राटदाराकडे उद्यापासूनच पक्कड घेऊन उभे राहायचे. मी दोन्ही केले, आधी कंपनी, मग कंत्राटदार. क्रम उलटा असता तर कदाचित वेगळे लिहिले असते.

घरात पहिला प्रश्न पैशांचा येतो. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्या अप्रेंटिसचा किमान स्टायपेंड (विद्यावेतन) महिना ७,००० रुपये ठरवला. कंपनी त्याहून जास्त देऊ शकते, आणि काही देतात. सही करण्याआधी चालू आकडा विचारून घ्या. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार थेट तुमच्या खात्यात टाकते. म्हणजे पैसे दोन हातांनी येतात, आणि खाते आधारशी जोडलेले नसेल तर त्यातला एक हात अडकतो. कंत्राटदार रोजावर देतो. महिन्याचे सगळे दिवस भरले तर तिथे जास्त पडते, पण जुलैत सगळे दिवस भरले असे मला तरी आठवत नाही. स्लॅब पडला नाही की काम नाही, काम नाही की रोज नाही.

सत्तरीतल्या वाळपईच्या मुलाला वेर्ण्याला रोज जाऊन येणे जमत नाही. खोली घेतली तर स्टायपेंडचा लचका तिथेच तुटतो. म्हणून कंपनीची बस कुठपर्यंत येते हे आधी विचारा. सत्तरी-डिचोलीवाल्यांनी पिसुर्ल्याकडे आधी बघावे, पेडणेवाल्यांनी तुयेकडे. नावाजलेल्या कंपनीच्या मागे लागून उपाशी राहण्यात अर्थ नाही.

आता शिकण्याचे. कंपनीत मी स्टार-डेल्टा स्टार्टर, म्हणजे मोठी मोटर कमी करंटवर सुरू करणारी पेटी, पहिल्यांदा उघडी पाहिली, तीही आयटीआयच्या बोर्डावरची नव्हे, तर पंप चालवणारी, धुळीने माखलेली. ओव्हरलोड रिले (जास्त भार आला की मोटर बंद पाडणारा) का ट्रिप झाला हे शोधायला दुपार गेली, आणि कारण निघाले घासलेले बेअरिंग. मोटरचा दोष नेहमी वायरीत नसतो हे त्या दिवशी कळले. मेगर लावणे, म्हणजे वायरीचे इन्सुलेशन तपासणे, ड्रॉइंग वाचून पॅनेलमधली वायर नंबरने शोधणे, काम सुरू करण्याआधी सप्लाय बंद करून कुलूप लावणे, ही शिस्त तिथेच अंगात मुरते.

पण घराचे काम कंपनी शिकवत नाही. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंतीत खाच मारताना चिरा कुठे फुटतो, जुन्या घरात माडीवर वायर कशी चढवायची, हे कंत्राटदाराकडेच. अर्थिंगचे तर विचारूच नका. आपल्याकडची जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंगचा रेझिस्टन्स चढतो. पावसात खणून मोजलेला आकडा मे महिन्यात खोटा ठरतो. कोळसा-मीठ घालून, पाणी ओतत राहून, कधी दुसरा खड्डा खणून ते कसे आवरायचे, हे मला शिकवले ते तिसरी शिकलेल्या एका वायरमनने. पाऊस सुरू झाला की उलटा त्रास. भिंती ओलावतात, आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) पडत राहतो, घरवाले म्हणतात तो काढूनच टाका. तिथे ठाम नाही म्हणणे हीही एक विद्याच. शिवाय गिऱ्हाईक तिथेच जोडले जाते. चवथीच्या आधीचे दोन आठवडे आणि जत्रांचा हंगाम ज्याने कंत्राटदाराबरोबर काढला, त्याचा फोन नंबर अर्ध्या वाड्याकडे असतो.

कागदाच्या बाबतीत मात्र तुलनाच नाही. नोंदणी झालेला करार आणि परीक्षा झाली की राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळते. कंत्राटदार देईल ते अनुभवाचे पत्र, तेही त्याची मर्जी असेल तर. वीजजोडणीची कामे परवानाधारक कंत्राटदारामार्फतच व्हावी लागतात. कधी स्वतःचा परवाना काढायचे मनात असेल तर कागद जमवायला आत्तापासून लागा. अप्रेंटिसला कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे, आणि ओव्हरटाइमची सक्ती करता येत नाही. कंत्राटदाराकडे चवथीच्या आदल्या रात्री दोन वाजता शिडीवर असताना कोणी घड्याळ बघत नाही.

उलट एक गोष्टही लक्षात ठेवा: अप्रेंटिसला कायद्याने कामगार धरत नाहीत, आणि वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन कंपनीवर नसते. शेवटच्या दिवशी पुष्पगुच्छ मिळतो, नेमणूकपत्र नाही.

अर्ज अप्रेंटिसशिप इंडियाच्या पोर्टलवर करायचा. दहावी आणि आयटीआयच्या गुणपत्रिका, आधार, स्वतःचा मोबाइल नंबर आणि ईमेल तयार ठेवा. नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगचे हवे. गोव्यात आडनावाची दोन-दोन स्पेलिंगे घरोघरी, त्यात बरेच अर्ज लटकतात. शिपयार्डसारख्या ठिकाणची जाहिरात वेगळी येते, तीही बघत राहा.

माझे मत: घरची चूल तुमच्या रोजावर पेटत नसेल तर आधी अप्रेंटिसशिप. एक वर्षाचा कमी पैसा सोसतो. नंतर कंत्राटदाराकडे गेलात तर तो तुम्हाला नुसते खाचा मारायला लावत नाही, डीबी, म्हणजे घरभर वीज वाटणारी पेटी, भरायला देतो. घर चालवायचेच असेल तर कंत्राटदार धरा, पण परवाना असलेलाच.

कंपनीत गेल्यावर एकच प्रश्न न लाजता विचारा: मेंटेनन्सला टाकणार की उत्पादनाच्या लाईनवर? माझ्याबरोबरच्या एकाने एका कारखान्यात अख्खे वर्ष लग्ज (वायरीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोप्या) आवळण्यात घालवले. प्रमाणपत्र माझ्यासारखेच मिळाले, पण मोटर जोडायची वेळ आली की अजून मला फोन करतो.