पावलांचा ठेका: गाणी की मेट्रोनोम?

पहाटे मरीन ड्राइव्हवर धावताना गाण्यांची सोबत हवीशी वाटते, मान्य. पण मिनिटाला १६० ठोक्यांच्या गाण्यामागून ११० चं लागलं की पावलंही ढेपाळतात. एकाच लयीची गाणी निवडून ठेवली तर हे टळतं. ९० ठोक्यांचं गाणंही १८० पावलांना चालतं, दर ठोक्याला दोन पावलं.

तरी ठेका अंगात मुरवायला मी मेट्रोनोमच, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणारं साधनच निवडेन, ती टिकटिक कितीही रुक्ष असो. मिनिटाला १६० पावलं पडत असतील आणि ठेका वाढवायचा असेल तर आधी १६५ वर लावा, एकदम १८० नको. पेडर रोडच्या चढावर पावलं आखूड होतात, ठेका मात्र मोडत नाही. लांब पल्ल्याच्या निवांत धावण्याला गाणीच बरी. रस्त्यावर एक कान मोकळा ठेवा.