सगळी बॅच एकाच चेहऱ्यावर: कोथरूडमधला ऑइल पेंटिंगचा वर्ग

पहिल्या महिन्यातच हॉलमध्ये टांगण्याजोगं काहीतरी हवं असेल तर इथे पैसे भरू नका. या वर्गात सगळ्यांना एकच चित्र देतात, स्पॅनिश चित्रकार वेलास्केसचं ‘हुआन दे पारेहा’ हे पोर्ट्रेट, आणि बॅच संपेपर्यंत त्याचीच कॉपी करायची. तक्रारीही करणार आहे, म्हणून वर्गाचं नाव लिहीत नाही.

चित्राची निवड मात्र अगदी अचूक. 1650 साली वेलास्केस रोममध्ये होता. पोप दहावा इनोसंट याचं चित्र काढायचं होतं, त्याआधी हात बसावा म्हणून त्याने पारेहाला समोर बसवलं असं म्हणतात. पारेहा त्याचा गुलाम आणि स्टुडिओतला मदतनीस. त्याच वर्षी त्याच्या मुक्ततेचा कागद झाला, पुढे तो स्वतः चित्रकार झाला आणि त्याचं एक मोठं चित्र आज माद्रिदच्या प्रादो म्युझियममध्ये आहे. सर हे पहिल्याच तासाला सांगून टाकतात, मग त्या माणसाची ताठ नजर वेगळीच दिसायला लागते.

मला पटलेलं कारण जरा घरगुती आहे. बाकी क्लासांत पोर्ट्रेट म्हणजे गोरी-गुलाबी बाई. ते शिकून मी माझ्या आईचा चेहरा कसा रंगवणार? पारेहा सावळा आहे. त्याच्या कपाळावरच्या उजेडातसुद्धा गुलाबी जवळजवळ नाही, आणि गालाच्या सावलीत चक्क हिरवट झाक आहे. यलो ऑकर (मातकट पिवळा), थोडा लाल, काळा, पांढरा, एवढ्यात सगळं जमतं.

सुरुवातीला तर तेही नाही. फक्त रॉ अंबर हा मातकट तपकिरी रंग, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला. त्यात मँगनीज असतं म्हणून तो लवकर वाळतो आणि वरचे थर पटकन चढवता येतात. “मॅडम, डोळे बारीक करा आणि नाक विसरा,” हे सरांचं पालुपद. कंटाळा येतो, खोटं कशाला सांगू. काही जणांनी इथेच वर्ग सोडला.

खरी मजा कॉलरची. लांबून बघितलं तर नाजूक लेसची जाळी. शेजारच्या काकूंनी शून्य नंबरचा ब्रश घेऊन ती विणायला सुरुवात केली. सरांनी तो काढून घेतला, हातात आठ नंबरचा चपटा ब्रश दिला आणि टॅबवर चित्र मोठं करून दाखवलं. जाळी कुठेच नाही! राखाडीवर पांढऱ्याचे आखूड फटकारे, कुठे जाड, कुठे नुसता ब्रश घासलेला. शुद्ध पांढरा तर अगदी मोजक्या ठिकाणी. या एका तासासाठी मी फी वसूल झाली असं मानते.

आता तक्रारी. ट्यूबलाइट बरोबर डोक्यावर, त्यामुळे ओल्या गडद भागावर चमक येते आणि रंग कळत नाही. वर्गात मिळणारी प्रिंट इतकी काळी, की झगा आणि बाही एकच ठिपका. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आहे, त्यांच्या वेबसाइटवर मोठी फाइल फुकट मिळते. ती घेऊन आपला टॅब न्या. किटमधला कॅनव्हास ढिला, तो बदलून मागा. खिडकी एकच, टर्पेंटाइनने डोकं धरतं.

एक गोष्ट मात्र चोख. तेलाची फडकी झाकणाच्या लोखंडी डब्यात पाण्यात टाकायला लावतात. जवसाच्या तेलात भिजलेला बोळा आपोआप पेटू शकतो, हे मला इथेच कळलं.

पावसाळ्याच्या बॅचला नाव घालू नका, थर वाळता वाळत नाहीत. ओला कॅनव्हास तिथेच मांडणीवर ठेवू देतात, ते बरं. जिना अरुंद आहे आणि पार्किंग फक्त दुचाकीचं.