लायकमिंगला हातपंपाचा प्रायमर: दोन हिवाळ्यांनंतर

प्रायमर म्हणजे थंड इंजिन सुरू करण्याआधी त्यात थोडं पेट्रोल फवारणारा केबिनमधला छोटा हातपंप. पंप उत्तम, नळी भिकार. घाई असेल त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

घरी बांधलेलं विमान, लायकमिंगचं ओ-२३५ इंजिन, चारपैकी तीन सिलिंडरांना प्रायमरचं नॉझल. "पुण्यात कसला प्रायमर, लडाख आहे का?" हा प्रश्न नोव्हेंबरपर्यंत रास्त वाटतो. जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली गेला की गार सिलिंडरात पेट्रोलची पुरेशी वाफच होत नाही. थ्रॉटल पंप करूनही भागतं म्हणा. पण कार्बुरेटर इंजिनाच्या खाली, त्यामुळे उडवलेलं पेट्रोल वर चढायच्या ऐवजी एअरबॉक्समध्ये (कार्बुरेटरला हवा देणाऱ्या डब्यात) ठिबकतं, आणि त्यावर एक बॅकफायर म्हणजे काउलिंगमध्ये, इंजिनाच्या झाकणाखाली, आग. प्रायमर थेट इनटेक पोर्टमध्ये फवारतो. थंडीत दोन-तीन स्ट्रोक पुरतात. दांडा सावकाश ओढायचा, बॅरल भरू द्यायचं आणि मग जोरात दाबायचा. हळू दाबलं तर फवारा होत नाही, नुसती धार पडते. जास्त मारलं तर सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन जातं. इंजिन गरम असेल तर हातच लावू नये.

इथवर पाच तारे.

आता नळी. १/८ इंची तांब्याची, आणि किटच्या चित्रात ती फायरवॉलपासून (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीपासून) नॉझलपर्यंत सरळसोट ताणलेली. इंजिन रबरी माउंटवर थरथरतं, फायरवॉल जागची हलत नाही, मधल्या मध्ये नळी सोसते. तांब्याचा स्वभाव तांबट आळीत कुणीही सांगेल: ठोकलं की कडक, तापवलं की मऊ. इंजिनाची थरथर म्हणजे ठोकणंच. नळी कडक होत जाते आणि नॉझलजवळच्या जोडापाशी तडकते. तडा केसाएवढा, डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो १००एलएल या विमानाच्या पेट्रोलचा निळा डाग. प्राइम करताना तिथून पेट्रोल गळतं आणि आयडलला (इंजिन मंद फिरताना) तिथूनच हवा आत ओढली जाऊन तेवढं एक सिलिंडर लीन, म्हणजे कमी पेट्रोलवर, चालतं. लोक कार्बुरेटर खोलून बसतात.

उपाय स्वस्त आहे. नळी मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवायची. नॉझलच्या आधी इंचभर व्यासाचं एक पूर्ण वेटोळं द्यायचं आणि मोकळी लोंबणारी नळी रबर लावलेल्या क्लिपांनी इनटेक पाइपला बांधायची. जोडाला शिशाचा डाग (सोल्डर) नको, चांदीचा हवा. बदली नळी म्हणून बोहरी आळीतून फ्रिजची कॅपिलरी आणणार असाल तर आतलं भोक बघून घ्या. बाहेरचा व्यास जुळला तरी भोक फार बारीक असू शकतं.

पहिला हिवाळा संपताना मत असं होतं की इलेक्ट्रिक सोलेनॉइडच (विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हचा प्रायमर) घ्यायला हवा होता: केबिनमध्ये पेट्रोलची नळी नाही, नुसतं बटण दाबायचं. ते मत आता राहिलं नाही. त्याला बूस्ट पंपाचा (पेट्रोल ढकलणाऱ्या विजेच्या पंपाचा) दाब लागतो, व्हॉल्व्हच्या बैठकीवर कचरा अडकला की तो उघडाच राहतो, म्हणून आधी फिल्टर लावा. एवढं करून पैसे जास्त, आणि तडकणारी नळी तीच.

हातपंपाच्या ओ-रिंगा (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) मात्र सांभाळाव्या लागतात. त्या झिजल्या, किंवा दांडा दाबून फिरवून लॉक करायचा राहिला, की आयडलला इंजिन प्रायमरमधूनच पेट्रोल ओढतं: काळा धूर, खडबडीत चाल, आणि मिक्स्चर कटऑफ करून कार्बुरेटरचं पेट्रोल तोडलं तरी इंजिन मरत नाही. ही खूण लक्षात ठेवा. पूर्ण थ्रॉटलला सगळं ठीक वाटतं, कारण तेव्हा तेवढा व्हॅक्युमच नसतो. रिंगांना साधं ग्रीस लावू नका, पेट्रोलने धुऊन जातं. फ्युएल ल्यूब (पेट्रोलात न धुतलं जाणारं ग्रीस) लावा. पेट्रोल पंपावरचं ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल तर इथे नकोच, साध्या नायट्राइल रिंगा त्यात फुगतात.

वर्षातून एकदा नॉझल काढून, मोकळ्या हवेत, प्रत्येकाखाली स्टीलची वाटी धरून दोन स्ट्रोक मारून पाहा. एक वाटी कोरडी राहिली तर त्या नॉझलचं भोक बुजलंय आणि त्याच्या वाटणीचं पेट्रोल बाकीच्या दोघांत जातंय.

एक तारा कापला तो क्लिपांसाठी. एवढ्या किमतीच्या किटमध्ये एकही नाही. विचारल्यावर विक्रेत्याचं उत्तर: "त्या ज्याच्या त्याने घ्यायच्या असतात."